ओव्यांची रोजकीर्द

आपल्या वस्त्यांत गाणाऱ्या बायकांचा तोटा कधीच नव्हता. हळदीच्या रात्री, बारशाला, जयंतीच्या आदल्या दिवशी पताका लावताना, खुरपणीच्या पातीला, ऊसतोडीच्या फडावर, कुठेही दोघी एकत्र आल्या की एक सूर धरते आणि दुसरी झील ओढते. तोटा आहे तो त्यांचे नाव लिहून ठेवणाऱ्यांचा. गाणे मागे राहते, गाणारी निघून जाते आणि पुढच्या पिढीला एवढेच सांगितले जाते की, "हे आपल्यात पूर्वीपासून म्हणतात." पण म्हणतात म्हणजे कोण म्हणते? कोणत्या गावची? कोणाची आई, कोणाची जाऊ? हे सांगायला कोणी उरत नाही.

या प्रश्नापायी मी चाळिशी ओलांडल्यावर संगणकावर आवाज कापायला आणि जोडायला शिकले. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते, कारण हे काम आता आपल्या कोणत्याही वस्तीत, कोणत्याही घरात होऊ शकते. त्यासाठी लागणारी हत्यारे स्वस्त झाली आहेत. ती चालवताना जे ठरवावे लागते, ते मात्र स्वस्त नाही.

मी बारामतीत एका कार्यालयात लिपिक आहे. शिक्षण बी.कॉम. उरलेला वेळ महिला मंडळाचा. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते. ते संपले की म्हाताऱ्या बायका लगेच उठत नाहीत. गप्पा निघतात आणि गप्पांतून ओवी निघते. कोणी जात्यावरची म्हणते, कोणी बाबासाहेबांवरची. आम्हा तिघीचौघींच्या मनात आले की हे भरून ठेवावे. तेव्हापासून रविवारी आणि सुटीच्या दिवशी आम्ही काटेवाडी, भवानीनगर, निमगाव केतकी करीत थेट इंदापूरपर्यंतच्या वस्त्यांवर जातो. २०२३ साली एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून आमच्या फेऱ्या वाढल्या. सोबत दोन मोबाईल, एक लहान रेकॉर्डर आणि एक वही. रेकॉर्डर आजीच्या पुढ्यात ठेवायचा, मोबाईल झील ओढणाऱ्यांच्या जवळ.

घरी आल्यावर हे सगळे संगणकावर घ्यायचे, नीट लावायचे, तुकडे पाडायचे. ते काम माझ्याकडे आले. "तू कारकून बाई, तुला फायली लावायची सवय," असे एकीने थट्टेने म्हटले. थट्टा असली तरी तिचे म्हणणे खरे होते. या कामात गाण्याच्या कानाइतकीच कारकुनी लागते.

हे यंत्र नेमके काय करते, ते आधी सांगते. आवाजाचे काम करणारे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत. मी ऑडॅसिटी वापरते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली त्याची सुरुवात झाली, २००० साली ते लोकांसाठी खुले झाले आणि आजही ते फुकट मिळते. माझा भाचा साऊंडवाल्याकडे कामाला आहे, तो क्यूबेस वापरतो. नावे वेगळी, मांडणी एकच. पडद्यावर आडव्या पट्ट्या दिसतात. एक पट्टी म्हणजे एक ट्रॅक. पहिल्या ट्रॅकवर आजीचा आवाज, दुसऱ्यावर झील, ढोलकी असेल तर ती तिसऱ्यावर. काळ डावीकडून उजवीकडे सरकतो. सगळ्या पट्ट्या एकाच वेळी वाजतात म्हणून ऐकणाऱ्याला एकच गाणे ऐकू येते. काम करणाऱ्याला मात्र प्रत्येक आवाज वेगळा हाताळता येतो. पट्टीवर आवाजाचे जे तुकडे बसलेले असतात, त्यांना भाचा इव्हेंट म्हणतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये त्यांना क्लिप म्हणतात. तुकडा कापता येतो, सरकवता येतो, लहानमोठा करता येतो, पूर्ण ट्रॅक काही वेळ मुका ठेवता येतो.

नवशिक्याला वाटते की पडद्यावर कापले म्हणजे आवाज कापला गेला. तसे नसते. भाच्याच्या क्यूबेसमध्ये इव्हेंट ही मूळ फाईलकडे पाहण्याची एक खिडकी असते. खिडकी लहान केली म्हणून बाहेरचे शेत लहान होत नाही. मूळ फाईल डिस्कवर जशीच्या तशी पडून असते. इव्हेंटची कडा पुन्हा ओढली की झाकलेला आवाज परत दिसू लागतो. ऑडॅसिटीतही २०२१ पासून कडा ओढून आखूड केलेला तुकडा पुन्हा पूर्ण करता येतो.

वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला हे लगेच पटते. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत लिहायचा. जसा झाला तसा, त्या तारखेला, त्या क्रमाने. मग तिथून तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा. खतावणीवरून तेरीज, तेरजेवरून ताळेबंद. वाचणाऱ्याला ताळेबंद लागतो, पण खरेखोटे करायची वेळ आली की हात जातो तो रोजकीर्दीकडे. आणि रोजकीर्दीत खाडाखोड चालत नाही. काही दुरुस्त करायचे असेल तर नवी नोंद करायची, जुनी तशीच ठेवायची. आमचे काम मी याच नियमावर बसवले. वस्तीवरून भरून आणलेला आवाज ही रोजकीर्द. त्याचे लावलेले ट्रॅक ही खतावणी. जयंतीला किंवा विहारात वाजवायची चार-पाच मिनिटांची फाईल हा ताळेबंद.

म्हणून संगणकावर पहिला फोल्डर 'मूळ'. त्यात रेकॉर्डरवरचा आवाज घेतला की त्या फायली 'फक्त वाचण्यासाठी' करून टाकते, म्हणजे कोणाचा हात चुकून त्यावर पडत नाही. दुसरा फोल्डर 'काम', तिसरा 'तयार'. कापाकापी होते ती फक्त दुसऱ्यात.

नाव देण्याची पद्धतही कार्यालयातल्या आवक क्रमांकासारखीच. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव, मग अनुक्रमांक. वर्ष आधी लिहिले की संगणक फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लावतो. दिवस आधी लिहिला तर जानेवारीतली एक तारीख आणि डिसेंबरमधली एक तारीख शेजारी शेजारी येऊन बसतात. रेकॉर्डर स्वतःहून जे नाव देतो, ते नुसते आकडे असतात. त्या आकड्यांवरून सहा महिन्यांनी कोणालाही काही सांगता येत नाही. म्हणून ज्या दिवशी आवाज आणला, त्याच रात्री नाव. भाकरी थापायच्या आधी नाव. आणि भरून घेताना पहिले वाक्य रेकॉर्डरवरच बोलायचे की आज अमुक तारीख, अमुक वस्ती, म्हणणारी अमुक, झील ओढणाऱ्या अमुक अमुक. कागद हरवेल, फाईलचे नाव कोणी बदलेल, पण आवाजात भरलेले नाव आवाजाबरोबरच राहते.

हे बोलायला सोपे वाटते. पण तयार गाणे करताना पहिली कात्री चालते ती याच नावावर.

मागच्या एका जयंतीच्या आधीची गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या एका आजीने बाबासाहेबांवरच्या सहा ओव्या आम्हाला दिल्या होत्या. जयंतीला वस्तीवरच्या कार्यक्रमात त्या वाजवायचे ठरले होते. आजी त्या हिवाळ्यात गेल्या, म्हणून सर्वांनाच त्या गाण्याची ओढ होती. भाचा म्हणाला, "मावशी, मी साफ करून देतो." त्याने मन लावून काम केले. खोकला काढला, पंख्याची घरघर काढली, मधले थांबे काढले. सहा ओव्या कशा एका दमात म्हटल्यासारख्या झाल्या. ऐकायला फार गोड. पण चौथ्या ओवीच्या आधीचे एक वाक्य त्यात नव्हते. आजी तिथे थांबून म्हणाल्या होत्या, "ही माजी न्हाय बरं का. ही माज्या थोरल्या जावंची. तिनं बांधलेली." आणि जावेचे नाव सांगून मग त्यांनी ओवी धरली होती.

भाच्याचा हेतू वाईट नव्हता. गाण्याच्या मधले बोलणे म्हणजे अडथळा, हे त्याला त्याच्या धंद्याने शिकवलेले. पण ते वाक्य गेले की काय होते पाहा. एका बाईने बांधलेली ओवी दुसरीच्या नावावर चढते. तीसुद्धा अशा बाईच्या, जी स्वतः थांबून, "ही माझी नाही," असे सांगत होती. थोरली जाऊ वारून पंचवीस वर्षे झालेली. तिचा फोटो नाही, सही नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. ती या जगात होती आणि तिने एक कवन बांधले, याचा पुरावा म्हणून ते सहा सेकंदांचे वाक्य तेवढे शिल्लक.

मी भाच्याला म्हटले, "तिथली कडा ओढ बघू." त्याने इव्हेंटची कडा धरून उजवीकडे ओढली आणि आजीचे वाक्य पट्टीवर परत आले. फाईल पुसली नव्हती, म्हणून हे झाले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मावशी, खोकला पण ठेवू का?" मी म्हटले, "खोकला काढ. खोकल्याला नाव नाही." त्या दिवशी आमचा एक नियम ठरला. आवाज साफ करताना आवाज काढायचा, माणूस काढायचा नाही.

जयंतीच्या संध्याकाळी ते वाक्य स्पीकरवरून वस्तीभर ऐकू गेले. थोरल्या जावेची नात तिथे होती. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, जयंतीसाठी माहेरी आलेली. आजीने ओवी बांधली होती, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

आता कापण्याविषयी. दोन ओव्यांच्या मध्ये बाई श्वास घेते. पुष्कळ जण श्वास काढून टाकतात. श्वास काढला की ऐकणाऱ्याचाही जीव गुदमरतो. म्हणून कापायचे ते श्वासाच्या आधी, श्वासानंतर नव्हे. कापलेल्या जागी 'टक्' असा आवाज येतो, तो टाळण्यासाठी एका तुकड्याची शेपटी हळूहळू बारीक करायची आणि दुसऱ्याचे तोंड हळूहळू मोठे करायचे. दोन्ही थोडेसे एकमेकांवर चढवायचे. गोधडी शिवताना एका चिंधीची कड दुसरीवर घेतो, तसेच हे.

पंख्याची घरघर काढायची सोय प्रोग्रॅममध्ये असते. त्यासाठी गाणे सुरू होण्याआधी दहा सेकंद कोणी न बोलता नुसती खोली भरून घ्यायची. त्या दहा सेकंदांवरून यंत्राला कळते की यातली घरघर कोणती. मात्र हे औषध जास्त झाले तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. आणि घरघर जात्याची असेल तर मी ती कधीच काढत नाही. जाते हे त्या ओवीचे वाद्य आहे.

पट्ट्यांवर उभ्या रेषांची एक जाळीही असते. तुकडा त्या रेषेला आपोआप चिकटावा, अशी सोय असते. डीजेच्या गाण्याला ती उपयोगी, कारण तिथे ठेका यंत्राचा असतो. ओवीचा ठेका मनगटाचा असतो. जाते जड झाले की ओवी लांबते, दाणे सरले की ती उडती होते. जाळीला चिकटवून ओढूनताणून ठेक्यात बसवली तर ओवीचे शब्द राहतात, पण तिच्यातले श्रम जातात. ज्या बाईने पहाटे तीनला उठून दळले, तिचे श्रम तिच्या आवाजात राहू द्यावेत. म्हणून ओवी लावताना ती जाळी बंद ठेवायची.

दोन यंत्रांवर एकाच वेळी भरले असेल तर आणखी एक काळजी. आजीचा ट्रॅक आणि झीलकरणींचा ट्रॅक आधी एकमेकांशी जुळवायचे. त्यासाठी सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवायची. टाळीची उभी रेघ दोन्ही पट्ट्यांवर दिसते, ती एकाखाली एक आणली की झाले. त्यानंतर दोन्ही ट्रॅक एकत्र बांधून ठेवायचे, म्हणजे एक कापला की दुसराही त्याच जागी कापला जातो. बांधले नाही आणि एकाच पट्टीतून दोन सेकंद काढले, तर पुढे सगळी झील आजीच्या मागे-पुढे धावू लागते.

झीलकरणींचा विषय निघाला म्हणून सांगते. कॅसेटच्या काळात, म्हणजे १९८० नंतर, भीमगीते घरोघरी पोहोचली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज आपण टेपवरच ऐकत मोठे झालो. वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गायले, तशा गावोगावच्या गायन पार्ट्याही उभ्या राहिल्या. पण कोणत्याही गल्लीतल्या पार्टीची जुनी कॅसेट काढून पाहा. वेष्टनावर मुख्य गायकाचे नाव मोठे, पेटीवाल्या-ढोलकीवाल्याचे बारीक आणि मागे उभ्या राहिलेल्या बायकांसाठी 'आणि साथी' एवढेच. मी ट्रॅकच्या नावात 'कोरस' हा शब्द लिहीत नाही. तिथे तिघींची तीन नावे लिहिते. नाव लांबते, पडद्यावर मावत नाही. न मावो.

या सगळ्यात कठीण प्रसंग आला तो वेगळाच. एका वस्तीवरच्या आजीने दोन तासांत जे म्हटले, त्यात बाबासाहेबांच्या ओव्या होत्या, भावाच्या होत्या, आणि तिच्या आईकडून आलेल्या पंढरीच्या, विठ्ठलाच्याही होत्या. मंडळाच्या बैठकीत हे ऐकवल्यावर एक निवृत्त गुरुजी उठले. त्यांचा मान आम्ही सगळेच ठेवतो. ते म्हणाले, "ताई, १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण कशासाठी नागपूरला गेलो? बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर हे जपून ठेवायचे म्हणजे काय? पुसून टाका. उद्या कोणी हे ऐकवून म्हणेल, बघा, हे अजून तिथेच आहेत."

गुरुजींची भीती खोटी नव्हती. अशा गोष्टींचा वापर करणारे लोक असतात. बैठकीत दोन तट पडले. तरुण पोरे म्हणाली की नको ती कटकट, डिलीट करून टाका. बायका गप्प. शेवटी कोणीतरी म्हटले, "ज्या बाईनं म्हटलं तिला तर विचारा."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो आणि आजीला सरळ विचारले. आजीने निवडणे थांबवले नाही. सुपातला खडा बाजूला टाकीत म्हणाली, "तवा म्हटलं व्हतं. आता म्हनत न्हाय. पर म्हटलंच न्हाय आसं कसं सांगू?"

मी आजीचे हे उत्तरही भरून घेतले होते. पुढच्या बैठकीत ते वाजवले आणि मग माझे म्हणणे मांडले. रोजकीर्दीत खाडाखोड करायची नाही. जुनी नोंद पुसली तर नवी नोंद किती मोठी आहे, ते कळणार नाही. या आजीच्या आईच्या तोंडी काय होते आणि आजीच्या तोंडी काय आले, हा फरक म्हणजेच तर आपला इतिहास. तो फरक दोन्ही आवाज शेजारी शेजारी असतील तरच दिसतो. जयंतीच्या फाईलमध्ये काय घ्यायचे, ते मंडळाने ठरवावे. तो मंडळाचा अधिकार आहे. तो ट्रॅक मुका ठेवला तर बाहेर काही ऐकू जाणार नाही. पण मुके ठेवणे वेगळे आणि पुसणे वेगळे. मुके ठेवले ते उद्या आपली मुले विचारपूर्वक उघडू शकतात. पुसलेले कोणीच उघडू शकत नाही.

गुरुजी लगेच मानले नाहीत. त्यांनी अट घातली की त्या ओव्यांबरोबर आजीचे ते उत्तर कायम जोडलेले असावे, वेगळे करू नये. अट योग्य होती. आता त्या सत्राच्या फोल्डरमध्ये पहिली फाईल आजीच्या उत्तराची आहे. याच बैठकीतून आमच्या वहीत एक नवा रकाना आला, 'कोठे वाजवायचे'. तो म्हणणारीला विचारून भरायचा. कोणी सांगते, "कुठंबी वाजवा." कोणी सांगते, "बायाबायांत वाजवा, चौकात नको." एकीने सांगितले, "मी हाय तवर नको." तिचा ट्रॅक मुका आहे.

हे काम आम्ही पहिल्यांदा करतो आहोत, असे नाही. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी आणि त्यांच्याबरोबरच्या गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांनी पुण्यात राहून महाराष्ट्रभरच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या. पुढे बर्नार बेल या फ्रेंच संगीत-संशोधकाच्या मदतीने त्यांची संगणकावर सूची झाली आणि १२० तासांच्या आसपास ध्वनिमुद्रण झाले. प्रत्येक ओवीला क्रमांक, विषय, गाव आणि म्हणणारीचे नाव. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या १९९६ साली भरून घेतलेल्या आहेत. आपल्या इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या बायकांचा आवाजही त्या संग्रहात आहे. पॉइटवाँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली गेल्या. तरीही २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संस्थेला तो सगळा ठेवा लोकांपुढे मांडता आला, कारण नोंदी जागेवर होत्या. गोळा करणारी माणसे गेल्यावरही काम चालू राहिले, ते या क्रमांकांमुळे आणि नावांमुळे.

नोंदीची किंमत आपल्या चळवळीला नवीन नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले. वसंत मून यांच्यासारख्या संपादकाने कागद न् कागद लावला, म्हणून ते आज आपल्या घरात आहेत. बीबीसीने १९५५ साली घेतलेल्या मुलाखतीत बाबासाहेबांचा प्रत्यक्ष आवाज आहे. तो ऐकताना घरातली लहान मुलेसुद्धा गप्प होतात. त्या आवाजाच्या मोलाविषयी आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. मग त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या बायकांचा आवाज जपायला कोणी सांगायची वाट का पाहावी?

आमच्या भागात तर आणखी एक निकड आहे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेकाठची किती तरी गावठाणे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या पळसदेवचे देऊळ वर येते, लोक बघायला जातात. पण त्या गावांच्या बाहेर असलेल्या आपल्या वस्त्या दगडी नव्हत्या. त्या वर येत नाहीत. त्यांच्या वाटा, विहिरी, आंब्याची झाडे आता फक्त सत्तरी-ऐंशीतल्या बायकांच्या ओव्यांत आहेत. एका आजीच्या ओवीत एका विहिरीचे नाव येते. ती विहीर आज दाखवता येत नाही. त्या ओवीवर मी 'पाण्याखालची जागा' अशी खूण घालून ठेवली आहे. अशा खुणा आता अकरा झाल्या आहेत.

ज्या वस्तीला हे काम करावेसे वाटेल, तिने स्टुडिओची वाट पाहू नये. साधा मोबाईल चालतो. पंखा दहा मिनिटे बंद करा. मोबाईल एक वीतभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा आणि त्याचा विमान मोड चालू करा, म्हणजे मध्येच फोन येणार नाही. भरून झालेला आवाज व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाईल जशीच्या तशी पोहोचते. सीडीच्या दर्जाचा एकेरी आवाज मिनिटाला सुमारे पाच एमबी जागा घेतो. बत्तीस जीबीच्या एका पेनड्राईव्हवर नव्वदहून अधिक तास मावतात. एका वस्तीचे सगळे आयुष्य मावेल एवढी ती जागा आहे.

पेनड्राईव्हवर घेताना एक ध्यानात ठेवा. पुष्कळ प्रोग्रॅममध्ये कामाची फाईल लहान असते. तिच्यात आवाज नसतो, आवाज कुठे ठेवला आहे त्याचा फक्त पत्ता असतो. नुसती तीच फाईल नेली तर दुसऱ्या संगणकावर पट्ट्या दिसतात, आवाज येत नाही. म्हणून सगळा फोल्डर न्यायचा. आणि प्रती तीन करायच्या. एक विहारात, एक मंडळाच्या चिटणीसाकडे, एक दुसऱ्या गावच्या कोणाकडे तरी. एका घराला आग लागली, पाणी शिरले, तर दोन राहतील.

घरातल्या कॉलेजच्या पोराला किंवा पोरीला हे काम द्या. ती दोन दिवसांत प्रोग्रॅम शिकतील, आपल्याला दोन महिने लागतात. कापणे, जोडणे, आवाज मोठा-बारीक करणे त्यांना शिकवावे लागत नाही. त्यांना एवढेच शिकवावे लागते की मूळ फाईलला हात लावायचा नाही, म्हणणारीला विचारल्याशिवाय वाजवायचे नाही, आणि नावाशिवाय एकही ट्रॅक ठेवायचा नाही. येत्या आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल. ग्रंथवाचन संपल्यावर दिवा मालवायची घाई करू नका. कोपऱ्यातल्या आजीला आधी नाव विचारा, मग ओवी.